केळशीकरकाकांनी सोडलेलं पाणी

मोरेश्वर केळशीकर एकतीस वर्षं सरकारी नोकरीत धरण-कालव्यांच्या कामावर होते आणि त्या एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकाही शेतात पाणी गेलं नाही. हे मी कुचकटपणे सांगत नाही. ते स्वतःच सांगायचे, तेही पहिल्या भेटीत. २००४ साली न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थच्या कम्युनिटी हॉलमध्ये गणपतीच्या आरतीनंतर मी प्रसादाच्या रांगेत उभी होते. मागून एक बारीक अंगाचे, कानटोपी घातलेले गृहस्थ म्हणाले, "मी केळशीकर. अनिरुद्धचा बाप. धरण झालं, कालवा झाला नाही." आणि शिऱ्यासाठी कागदी वाटी पुढे केली.

मला राग लवकर येतो, आणि अनोळखी माणसांशी गप्पा मारायचा तर मनस्वी कंटाळा. तरी माझ्या तोंडून "म्हणजे?" निघून गेलं. तिथून पुढे चार वर्षं माझी सुटका झाली नाही.

म्हणजे असं, की धरण बांधून झालं तेव्हा कालव्याची मंजुरी संपली होती. मंजुरी परत मिळाली तेव्हा कालव्याच्या जागेवर रस्ता झाला होता. रस्ता हलवायचं ठरलं आणि काका निवृत्त झाले. कालव्याचं दार मात्र धरणाबरोबरच बसवलेलं होतं, लोखंडी, मोठ्या चाकाचं. त्या चाकाला काका अकरा वर्षं दर सोमवारी तेल घालून घेत. फिरवलं एकदाही नाही, कारण पलीकडे पाणी जायला वाटच नव्हती.

निवृत्तीनंतर ते आणि सुलेखाकाकू मुलाकडे न्यूझीलंडला आले. अनिरुद्ध इथे एका इंजिनिअरिंग फर्ममध्ये होता. त्याने शहरापासून पंचवीस मिनिटांवर दहा एकर जमिनीसकट घर घेतलं होतं. एजंटने ते फेब्रुवारीत, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, दाखवलं होतं, तेव्हा सगळीकडे छान वाळकं गवत होतं. जून उजाडला, इथला पावसाळी हिवाळा, आणि मागच्या तीन एकरांत बदकं उतरली.

"बाबा, आपण ते ड्रेन करून टाकू," अनिरुद्ध म्हणाला. काकांनी पुण्याहून येताना गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी सामानातून आणली होती. का, ते विचारू नका. तिच्यात पाणी भरून, एक टोक काकूंच्या हातात देऊन, आठ दिवस थंडीवाऱ्यात त्यांनी अख्ख्या जागेची लेव्हल काढली. काकू एका टोकाला नळी धरून उभ्या आणि हे दुसऱ्या टोकाकडून ओरडतायत, "अगं, हलू नकोस!" नवव्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, की हे पाणी कुठेही जाणार नाही, आणि इतकी उत्तम जागा त्यांना उभ्या नोकरीत मिळाली नव्हती.

त्याच आठवड्यात त्यांना लायब्ररीत एक पत्रक मिळालं. काळी, आंबट, पाण्याने फुगलेली माती, जिच्यात दुसरं काही येत नाही, तिच्यात क्रॅनबेरी येते, असं त्यात होतं. लावायला शासनाच्या आशीर्वादाने चालणाऱ्या एका संस्थेची मदतही होती. पण काकांचं लक्ष चौथ्या पानावरच्या फोटोवर गेलं. क्रॅनबेरी पिकली की आत हवा धरते. शेतात पाणी सोडायचं, वेली हलवायच्या, की फळं सुटून वर तरंगतात. फोटोत सगळं शेत लाल झालं होतं आणि कोपऱ्यात एक माणूस पाण्याच्या दाराच्या चाकावर हात ठेवून उभा होता.

काकांनी माझ्यासमोर तो फोटो धरला. "मुग्धा, फळाचं मला काही नाही. खावं न खावं. मला एकदा ह्या माणसाच्या जागी उभं राहायचंय."

मी हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे. डॉक्टरांची अक्षरं लावण्यात माझं आयुष्य चाललंय, त्यामुळे काकांची इंग्रजी अर्जाची हस्तलिखितं टाइप करण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. अनिरुद्धने हात वर केले होते. जमिनीचा मालक म्हणून तो शेवटच्या पानावर न वाचता सही करायचा, एवढंच. काकांचा एक नियम होता. अर्जातला रकाना रिकामा सोडायचा नाही. रिकामा रकाना दिसला की फाइल परत येते, आणि परत आलेली फाइल म्हातारी होऊन मरते, असं त्यांचं मत. माहिती नसेल तर ती काढायची. काढूनही काही नसेल तर 'निरंक' लिहायचं. आमच्या पहिल्या अर्जात 'फॅक्स क्रमांक'समोर निरंक होतं, 'कंपनीचं बोधचिन्ह'समोर निरंक होतं, आणि 'इतर काही सांगायचं आहे का' ह्या रकान्यात धरणाची हकिगत होती, तीन पानं, नकाशासह.

संस्थेत ग्रेम नावाचा एकच माणूस होता. मोठा लालबुंद चेहरा, हिरवं जाकीट, पायात गमबूट. "किआ ओरा, मिस्टर के!" असा माओरी नमस्कार करून त्याने काकांचा हात इतका हलवला की कानटोपी पडली. अर्ज वाचायला त्याला पूर्ण दुपार लागली. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत झकास, "धरणाचं वाईट वाटलं."

ऑक्टोबर २००५ मध्ये वेली लागल्या. काकांनी बांध घातले, वरच्या अंगाला पावसाचं पाणी अडवलं, नाली खणली आणि नालीच्या तोंडाशी लाकडी दार बसवलं. दार वर-खाली करायला भंगारातून आणलेल्या ट्रॅक्टरचं स्टिअरिंग लावलं. पहिलं पीक तिसऱ्या वर्षी येणार होतं, म्हणजे एप्रिल २००८. तोवर चाकाला हात लावायचा नाही. दर सोमवारी तेल मात्र सुरू झालं.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि २००७ च्या सप्टेंबरात शेजारच्या डेअरी फार्मच्या गाई वेलींत शिरल्या. कुंपण हवं होतं. आम्ही मंगळवारी ग्रेमकडे गेलो. तो हळहळला आणि म्हणाला, "नव्या पिकांच्या योजनेतून कुंपण बसत नाही. पण पाणथळ जागांच्या संरक्षणाची योजना आहे, ती कुंपण देते. त्यांच्या माणसाला गुरुवारी भेटा."

गुरुवारी आम्ही गेलो. तीच इमारत, तीच खोली, तेच टेबल. टेबलामागे ग्रेम, निळ्या जाकिटात.

"गुड मॉर्निंग," तो म्हणाला. "आपलं नाव?"

मी तोंड उघडणार होते, आणि जे बोलणार होते ते इथे लिहिता येणार नाही. काकांनी माझा हात दाबला आणि शांतपणे नाव सांगितलं, स्पेलिंगसह. ग्रेमने ते लिहून घेतलं. बाहेर आल्यावर मी भडकले, "काका, हा काय तमाशा आहे?" काका म्हणाले, "तमाशा कसला? अतिरिक्त कार्यभार. आमच्याकडे एका साहेबांकडे दोन खुर्च्या होत्या. त्यांनी स्वतःकडूनच खुलासा मागवला आणि तो असमाधानकारक म्हणून नाकारला." त्यांना पहिल्यांदाच न्यूझीलंडमध्ये घरच्यासारखं वाटत होतं.

निळ्या अर्जाला बावीस रकाने होते. सोळापर्यंत आम्ही सहज पोचलो. सतरावा असा होता: जागेत मूळचे देशी मासे आहेत का? माहीत नसल्यास रिकामा सोडावा. त्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, की मासे आढळल्यास जागा विशेष संरक्षणात घेतली जाईल आणि परदेशी वनस्पती काढून टाकाव्या लागतील. काढायचा खर्च योजना देईल.

"काका," मी म्हटलं, "इथे त्यांनीच लिहिलंय, रिकामा सोडा. सोडा की!"

"रिकामा सोडायचा नाही."

"मग निरंक लिहा. तिथे बदकांशिवाय काय असणार आहे?"

"स्थळपाहणी न करता निरंक?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू देवाचा शिरा उष्टा केला होता.

तेव्हा शनिवारी सकाळी स्थळपाहणी झाली. नुसती पाहणी नव्हे, रीतसर पंचनामा. पंच दोन: मी आणि सुलेखाकाकू. मासे पकडायला काकूंची पिठाची चाळण काठीला बांधली होती. काकू सारखं म्हणत होत्या, "अहो, माझी एवढी एकच चाळण आहे." काका नालीत गुडघाभर उतरले आणि मी बांधावर बसून त्यांच्या सांगण्यावरून लिहीत होते: 'आम्ही खाली सह्या करणार पंच, समक्ष हजर राहून लिहून देतो, की सदर जागेच्या चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस गाई. पश्चिमेस गाई. उत्तरेस अनिरुद्धचं घर. दक्षिणेस पुन्हा गाई.'

दहा वेळा चाळण रिकामी आली. मी 'निरंक'चा नि लिहिलासुद्धा. अकराव्या वेळी त्यात काहीतरी वळवळलं. चिंचेच्या बोटकाएवढं, त्याच रंगाचं, बुळबुळीत, बारीक डोळ्यांचं. काका त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मला मासे कळत नाहीत, पण लायब्ररीच्या पुस्तकात त्यांनी आदल्या रात्रीच खुणेची चिठ्ठी घालून ठेवलेली होती, आणि त्या पानावर हाच प्राणी होता. मडफिश. न्यूझीलंडचा, इथलाच, दुर्मीळ.

"सोडून द्या त्याला," मी हळूच म्हटलं. "काका, ऐका माझं. आम्ही दोघी काही पाहिलं नाही. काकू, तुम्ही पाहिलंत का?"

"मी चाळण बघत होते," काकू म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. दोन वर्षं ह्या माणसाला सोमवारी तेलाची बाटली घेऊन जाताना त्या बघत होत्या.

काकांनी मासा अलगद पाण्यात सोडला. मग चाळण धुऊन काकूंच्या हातात दिली. "नि खोड," ते मला म्हणाले, "आणि लिही, एक." मला त्यांचा इतका राग आला, की पेन कागदातून आरपार गेलं.

निकाल लवकर लागला. चांगल्या बातमीला उशीर होतो; ही वाईट होती, आणि वर बक्षिसासकट आली. निळ्या ग्रेमचं अभिनंदनाचं पत्र आलं: जागा विशेष संरक्षणात घेण्यात येत आहे. त्याची एक प्रत हिरव्या ग्रेमला होती: आपल्या मदतीने लावलेल्या वेली परदेशी असून त्या काढण्यात येतील. चार दिवसांनी हिरव्या ग्रेमचं निळ्या ग्रेमला उत्तर आलं, त्याची प्रत आम्हांला: वेली आमच्या योजनेचं यश असून वार्षिक अहवालात त्यांचा फोटो छापला आहे, तरी फेरविचार व्हावा. निळ्या ग्रेमने फेरविचार केला आणि नकार दिला. ही पत्रं काका पुन्हा पुन्हा वाचत. "भाषा बघ," ते म्हणत, "कुठेही तोल गेलेला नाही."

मी एका मंगळवारी रजा टाकून ग्रेमला गाठलं. "तुला लाज वाटत नाही?" असं थेट विचारलं. तो बिचारा खरंच दुःखी होता. "हीप्स," म्हणजे ढीगभर, तो म्हणाला. "पण गुरुवारचा माणूस ऐकत नाही."

कुंपण झालं. सुरेख झालं, फक्त काका बाहेर आणि वेली आत. फाटकाला कुलूप आणि पाटी: 'संरक्षित क्षेत्र, प्रवेश नाही.' जानेवारीत वेलींवर फळं धरली, आधी पांढुरकी, मग गालांवर थोडी लाली. काका सोमवारी तेल घालायला जायचे ते कुंपणातून हात लांब करून. दार सुदैवाने कुंपणाच्या काठावरच होतं.

मग फेब्रुवारीत तज्ज्ञांचा आराखडा आला. त्यात होतं, की हे मासे उन्हाळाभर ओल्या चिखलात दडून राहतात आणि इथल्या शरदात, म्हणजे एप्रिलच्या सुमारास, पाणी चढलं की अंडी घालतात. तेव्हा दर वर्षी एप्रिलच्या मध्यावर जागेत हातभर पाणी सोडावं. दार सक्षम व्यक्तीने उघडावं. ग्रेमने सक्षम व्यक्ती म्हणून काकांचंच नाव घातलं होतं, पहिल्या अर्जातल्या तीन पानांच्या जोरावर. माशांची पाहणी करायला दोन निरीक्षक लागणार होते. ते म्हणजे पंचनाम्यावर सह्या करणाऱ्या आम्ही दोघी.

पण वेली मार्चमध्येच निघणार होत्या. पाणी एप्रिलमध्ये सुटणार होतं, मोकळ्या चिखलावर. त्याच पाकिटात वेली काढण्याच्या संमतीचा अर्ज होता.

त्या संध्याकाळी मी केळशीकरांच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन बसले. काकू पोहे करत होत्या. काका एकेक रकाना सांगत होते आणि मी भरत होते. वेलींचं क्षेत्र, वेलींचं वय, रस्त्याची रुंदी, ट्रक वळायला जागा. सगळं अचूक, दशांश चिन्हासकट. शेवटचा रकाना आला: 'काम सुरू करण्याची तारीख.' मी थांबले. काका खिडकीबाहेर बघत होते.

"काका, तारीख?"

"राहू दे."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "राहू दे म्हणजे निरंक लिहू?"

"निरंक खोटं होईल. तारीख आहे, आपण सांगत नाही आहोत." ते माझ्याकडे वळले. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "एकतीस वर्षं, अधिक ही चार. एकही रकाना सोडला नाही मी. एक माझा शिल्लक आहे, मुग्धा."

काकूंनी गॅस बंद केला. मी फाइल छापली, अनिरुद्धने न वाचता सही केली, आणि दुसऱ्या दिवशी मी ती स्वतः पोस्टात टाकली. तारीख नाही म्हणून कंत्राटदार निघाला नाही. कंत्राटदार निघाला नाही म्हणून मार्च गेला. फाइल कुठल्या टेबलावर पडून होती मला माहीत नाही, पण इमारतीत टेबल एकच होतं.

सतरा एप्रिल २००८, गुरुवार. सकाळी ग्रेम आला, निळ्या जाकिटात. त्याने फाटक उघडलं. आत लालभडक फळांनी वेली झाकून गेल्या होत्या. ग्रेमने ते सगळं पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. "आज गुरुवार आहे," तो म्हणाला. "मला फक्त मासे दिसतात."

काकांनी कानटोपी काढून खिशात ठेवली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि तसेच उभे राहिले. एवढा वेळ उभे राहिले, की मला वाटलं, आता ह्यांना कालव्याची मंजुरी आठवली. मग चाक फिरलं. इतकं तेल प्यालेलं ते चाक, आवाजसुद्धा झाला नाही. नालीतून पाणी आलं, पहिल्या बांधाशी थांबलं, त्याला वळसा घालून पुढे गेलं, आणि नळीने काढलेल्या लेव्हलप्रमाणे, जिथे जायला सांगितलं होतं तिथे तिथे पोचलं. दुपारपर्यंत सगळीकडे हातभर झालं.

निरीक्षक म्हणून काकू आणि मी कमरेपर्यंतच्या रबरी पँटी चढवून आत उतरलो. काठीने वेली हळूच बाजूला करून मासे बघायचे, असं आराखड्यात होतं. आम्ही वेली बाजूला करत गेलो. दोन फळं सुटून वर आली. मग दहा, मग मोजता येईनात. काकूंनी साडीवरच ती पँट घातली होती आणि त्या सावकाश चालत होत्या, आणि त्यांच्या मागे पाणी लाल होत जात होतं. मासेही दिसले. चार. मी प्रामाणिकपणे नोंदले.

मागे वळून पाहिलं तर काका चाकावर डोकं टेकून रडत होते. मोठ्याने, लहान मुलासारखे, खांदे हलत होते. माझाही बांध फुटला, आणि मला रडताना कुणी पाहिलेलं मला आवडत नाही. काकू काठी टाकून त्यांच्याकडे गेल्या. मूठभर फळं त्यांच्या तळहातावर होती. "अहो, बघा तरी," त्या म्हणाल्या. "हे करवंदासारखं लागतंय. थोडं अडाणी आहे, पण लोणचं होईल."

ग्रेम खाकरला. त्याने जाकिटाच्या आतून एक घडी केलेला कागद काढला. संमतीचा अर्ज, परत आलेला. "मिस्टर के," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "एक रकाना राहिलाय. घाई नाही. मासे अंडी घालतील, ऑक्टोबरपर्यंत तसंही कुणी खणू शकत नाही."

काकांनी डोळे पुसले, खिशातून पेन काढलं, कागद स्टिअरिंगवर धरला आणि लिहिलं: एक ऑक्टोबर. एकदाही हात अडखळला नाही. मी अडवायला पुढे झाले तर म्हणाले, "असू दे. माझं काम झालं." मग कागद ग्रेमला देऊन माझ्याकडे वळले. "पंचनामा घे."

मी वही काढली. हात ओले होते. "काय लिहू?"

"पाणी पोचलं. एवढंच. आणि तारीख घाल."

मी लिहिलं. काकूंनी सही केली, मी केली. वही मिटत होते तर ग्रेम म्हणाला, मलाही करायची आहे, चालेल का? काका म्हणाले, चालेल, तिसरा पंच असलेला बरा. ग्रेमने निळं जाकीट काढून कुंपणाच्या खांबावर टांगलं, पाण्याकडे एकदा नीट बघितलं, आणि सही केली.